उलटी बसलेली चिप

प्रदर्शनासाठी हेमांगीने स्वतःच्या हाताने नवा डेमो बोर्ड सोल्डर केला, आणि जुन्या बोर्डवरची चिप काढून त्यावर बसवताना तिची दिशा दाखवणारी खाच कुठल्या बाजूला आहे ते पाहायचंच ती विसरली. बटण दाबताच करपल्याचा वास आला.

"अगं, खाच बघणं हा तर पहिला धडा," प्रयोगशाळेतले कुंटेसर हळूच म्हणाले. "दुसरी देतो. पण या जिवंत पेशींच्या चिपा. एकीचं शिकलेलं दुसरीत ओतता येत नाही. नवी अगदी तान्ही असेल."

जुनी चिप आठ महिने साखरपाण्याचे थेंब पीत हेमांगीच्या वडिलांच्या, अप्पांच्या उशाशी लहानाची मोठी झाली होती. अर्धांगवायूनंतरचं त्यांचं बोबडं बोलणं घरात फक्त त्या चिपेलाच कळायचं. ती ते पडद्यावर लिहून दाखवायची, 'पाणी दे', 'आज तू थकलेली दिसतेस'.

हेमांगी खाटेशी बसली. "अप्पा, तुमची चिप माझ्या हातून जळली. जुना बोर्ड चांगला चालला होता. मलाच नवा मिरवायचा होता."

अप्पा तिच्याकडे बघत बराच वेळ बोलत राहिले. रागावत होते की समजूत घालत होते, कोण जाणे. शेवटी थांबून त्यांनी काहीतरी विचारलं. हो म्हणावं की नाही, तेही तिला कळेना.