यांना कुणीच नाही

काकांनी त्या मुलीच्या पत्राला वर्षभरात पुष्कळ उत्तरं लिहिली होती. टाकलं एकही नव्हतं. एकात खेद फार झाला होता, दुसऱ्यात कमी पडला होता. तिसरं व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होतं आणि त्यातून काहीच कळत नव्हतं. ज्या मदतसंस्थेच्या वतीने ते लिहीत होते, तिला तेच सर्वांत जास्त आवडलं असतं.

मुलीचं म्हणणं साधं होतं. पूर आला तेव्हा ती शाळेत होती. मदतछावणीत कुणीतरी तिचा रडतानाचा फोटो काढला आणि संस्थेने तो पोस्टरवर छापला. आता ती नर्स झाली होती. ‘दवाखान्याच्या जिन्यात मी अजून रडतेच आहे,’ तिने लिहिलं होतं. ‘इंजेक्शन घेण्याआधी पेशंट मलाच विचारतात, तू जेवलीस का. मोठ्या सिस्टर हसतात. कृपया मला भिंतीवरून उतरवा, नाहीतर मला ही नोकरी सोडावी लागेल.’

काका निवृत्त ग्रंथपाल. संस्थेचा पत्रव्यवहार फुकट सांभाळत. पत्र आलं त्याच दिवशी ते सचिवबाईंच्या दारात जाऊन खाकरले होते. बाईंनी मान वर केली तेव्हा ‘सवडीने बघा’ एवढंच म्हणून परत आले होते.

सवडीने बैठक झाली. संस्थेची अडचण अशी होती की आपत्ती वेळेवर येत नाहीत, ऑफिसचं भाडं मात्र वेळेवर द्यावं लागतं. त्यासाठी नेमलेल्या सल्लागाराने समजावून सांगितलं की पूर ओसरला तरी देणग्या ओसरता कामा नयेत. टिकाऊ निधीला टिकाऊ चेहरा लागतो. मुलगी फार चांगली रडली होती. ती सावरली ही आनंदाची गोष्ट होती, पण संस्थेला ती परवडणारी नव्हती. काकांनी मुलीचं पत्र घडी घालून परत खिशात ठेवलं, कारण त्या चेहऱ्याच्या जिवावर नदीकाठच्या कितीतरी घरांत चूल पेटत होती, हेही खरंच होतं.

पुढे सल्लागाराला वाटलं, जोडीला आणखी एक चेहरा असावा. स्वयंसेवकांच्या मेळाव्यात काका चष्मा सापडेना म्हणून खिसे चाचपत उभे होते. फोटोग्राफरने तेवढंच टिपलं. बाईंनी एक कागद पुढे केला, म्हणाल्या, इथे सही लागेल. जन्मभर दुसऱ्यांना वाचायला लावणाऱ्या माणसाने भिडेपोटी न वाचताच सही केली.

पंधरवड्यात काका गावभर लागले. उसवलेली कॉलर, वाढलेली दाढी, रिकामे खिसे, भेदरलेले डोळे. खाली ठळक अक्षरात: ‘यांना कुणीच नाही. तुम्ही आहात ना?’

लोक होते. वाण्याने साखरेचे पैसे घेतले नाहीत. शेजारणीने काकांच्या सुनेशी बोलणं टाकलं. मुलाच्या ऑफिसात त्या बिचाऱ्या म्हाताऱ्यासाठी वर्गणी निघाली आणि मुलाने मान खाली घालून ती दिलीसुद्धा. सल्लागार खूश होता. इतका अस्सल एकाकीपणा पैसे मोजूनही मिळत नाही, असं तो म्हणाला.

सूनबाई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने रोजच्यासारखं ताट वाढलं, काकांना सोसवत नाही म्हणून मिरची वेचून बाजूला काढली, आणि ताटाकडे बघतच विचारलं, “बाबा, मी कुणीच नाही का?”

काकांनी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी ते बाईंच्या दारात खाकरले नाहीत, सरळ आत गेले. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि दोन्ही चेहरे एकदम उतरवता येणार नाहीत हे शांतपणे सांगितलं. एक ठेवावाच लागेल. देणग्या आटल्या तर नदीकाठी काय सांगणार, हा त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. मग त्या म्हणाल्या, “तुम्ही तर आपल्या घरचे. तुमचाच उतरवते, आजच्या आज. ती पोर काय, जाईल दुसऱ्या दवाखान्यात.”

“तिचा उतरवा,” काका म्हणाले.

बाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं. मग आठवण करून दिली की तिच्या सगळ्या जागांवर आता तेच लागतील, अगदी दवाखान्यातसुद्धा. काकांनी मान डोलावली आणि खळीची बादली कुठे असते ते विचारलं.

दवाखान्याच्या जिन्यात त्यांनी ओल्या फडक्याने मुलगी भिजवली आणि हळूहळू खरवडून काढली. तिथेच खळ फासून स्वतःला चिकटवलं, सुरकुत्या राहू नयेत म्हणून तळहाताने नीट दाबलं. वर चढणाऱ्या एका गृहस्थाने पोस्टर पाहिलं, काकांना पाहिलं, आणि त्यांच्या हातावर एक नाणं ठेवलं. काकांनी पावती फाडून दिली.

घरी येऊन त्यांनी मुलीला उत्तर लिहिलं. ‘तुमचा फोटो सगळीकडून उतरवत आहोत. दवाखान्यातला आज उतरवला.’ एकच खाडाखोड झाली. खेद राहूनच गेला, आणि तो राहू दिला.

सूनबाईने कागद हातात घेऊन वाचला.

“आणि तुमचा?”

“माझा राहतोय. दोन्ही उतरवले असते तर नदीकाठच्या चुली विझल्या असत्या.” काका टोपण शोधत पेनाशी चाळा करत राहिले. “शिवाय ते वाक्य खोटं आहे हे मला ठाऊक आहे. ज्याला घरी कुणीतरी आहे, त्यानेच तिथे लटकावं.”

सूनबाईने कागदाची घडी घालून तो पाकिटात सरकवला. मग तिने पाकीट जिभेने ओलं करून बंद केलं.

“निदान दाढी तरी करून जायचं होतं,” ती म्हणाली, चपला पायात सरकवल्या, आणि स्वतः कोपऱ्यापर्यंत जाऊन पत्र पेटीत टाकून आली.