तिकडचा शेठ

अर्जुनाची राख घेऊन त्याच्याच दुकानातला आकाराम काठमांडूहून कडेगावला पोचला, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. राखेचा तांब्या घरात नेत नाहीत, म्हणून त्यानं तो अंगणातल्या लिंबाच्या फांदीला बांधला, पाय धुतले आणि अर्जुनाचे वडील लालासाहेब यांच्यासमोर पोत्यावर मांडी घातली. अर्जुनाची आई शालूबाई उंबऱ्यात बसून होत्या. सहा दिवस रडून त्यांचे डोळे कोरडे पडले होते.

"तात्या, झोपेतच गेला. छाती धरली नि संपलं. आमच्या शेठनं समदं सोता केलं. लाकडं, भटजी, समदं," आकाराम म्हणाला.

चाळीस वर्षं लालासाहेबांनी मदुराईत सोन्याची गलाई केली होती. म्हणजे सोनाराची मोड आटवायची, दुकानातला केर जाळून कुटायचा, धुवायचा आणि त्यातलं चोख सोनं वेगळं काढायचं. ॲसिडच्या धुरानं पुढचे दात खाल्ले, पण स्लॅबचं घर उभं राहिलं. थोरला अर्जुना नेपाळात गेला. धाकटा वीरधवल मदुराईत बापाच्या जागेवर लागला.

"आता मुद्द्याचं बोलू का?" आकारामला दम नव्हता. "शेठनं जागा मोकळी ठिवलीय. वीरधवलला पाठवा म्हंतोय. महिन्याला चाळीस हजार."

"नेपाळी का आपलं?"

"नेपाळी. आपलं पंचवीस. मदुराईत काय देत्यात? सोळा?"

वीरधवल खांबाला टेकून उभा होता. त्यानं मान खाली घातली, म्हणजे पंधराच असणार.

आकाराम सांगत सुटला. तिकडं धूर वढायला पंखा हाय. हातमोजं हायत. शनवारी सुट्टी. दारात झडती न्हाई. लालासाहेब ऐकत राहिले. घाम काय, सगळेच शेठ गाळायला लावतात. मदुराईचा शेठ गाळलेला घामसुद्धा पुन्हा गाळून घेत असे. आंघोळीचं पाणी हौदात साठवायचं, केस दुकानातच कापायचे, विटके कपडे भट्टीत टाकायचे. अंगाला चिकटलेला सोन्याचा कणही शेठचाच.

"आन तुमचा शेठ?" त्यांनी विचारलं.

"जित्यापणी एक कण मागत न्हाई, तात्या. घरच्यावानी ठिवतो."

एवढा भला शेठ लालासाहेबांनी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. ऐकून बरं वाटायचं, तर उलट त्यांना संशय आला.

"एक पोरगं दिलं तिकडं, बास झालं," ते म्हणाले. "ह्यो मदुराईलाच ऱ्हाईल."

बोलणं संपवायला म्हणूनच ते उठले आणि तांब्या सोडला. अर्धी राख कृष्णेत सोडायची आणि अर्धी उसाच्या बांधावर आंब्याच्या रोपाला घालायची, असं ठरलं होतं. त्यांनी लिंबाखाली वर्तमानपत्र पसरलं आणि तांब्या उपडा केला. राख आवाज न करता पडली. एक हाड नाही, कोळशाचा खडा नाही. शालूबाईंना वाटलं, तिकडं चांगली चिता रचत असतील.

लालासाहेबांनी चिमूट घेतली. अंगठा आणि बोट सवयीनं फिरलं आणि थांबलं. कुटलेली, धुतलेली, वाळवून वस्त्रगाळ केलेली राख. असली राख त्यांनी जन्मभर स्वतःच्या हातानं केली होती. माणसाची नव्हे, केराची.

"आकाराम, ही कुणी धुतली रं?"

आकाराम दचकला नाही, लाजलाही नाही. त्यानं वरच्या खिशातून सोनाराकडं असते तसली गुलाबी कागदाची पुडी काढली आणि उंबऱ्यावर ठेवली.

"मीच. सव्वाचार ग्रॅम सोनं निघालं. सात वरसात अंगात गेल्यालं. शेठनं गुंजभर ठिवून घेतलं न्हाई. म्हनला, त्याच्या आईच्या हातात दे."

शालूबाईंचा हात पुढं झाला आणि मध्येच थांबला. हात पुढं न्यावा की मागं घ्यावा, हे त्यांना कळेना.

"ह्याला घरच्यावानी म्हंत्यात व्हय?" लालासाहेब ओरडले. "आमच्या मदुराईत माणूस धूत न्हाईत!"

"धुत्यात, तात्या." आकाराम अगदी समजुतीनं म्हणाला. "पुडी देत न्हाईत, एवढंच."

मदुराईत वारलेल्या तीन गड्यांचे तांबे लालासाहेबांनी स्वतः रेल्वेनं गावाकडं आणले होते. परक्याचा तांब्या आपण कशाला उघडायचा, म्हणून एकदाही आत पाहिलं नव्हतं. प्रवासभर मांडीवर घेऊनही तांबे हलके लागत, आत हाड कधी वाजत नसे, एवढं मात्र त्यांना आठवलं. त्यांना भीती वाटली, खरीखुरी, पोरासारखी.

"वीरधवल, तू कुटंच जायचं न्हाई. मदुराई न्हाई, नेपाळ न्हाई. दीड एकर ऊस हाय, हितंच ऱ्हा."

वीरधवल खांबापासून निघाला. उंबऱ्याशी बसून त्यानं आईचा थांबलेला हात आपल्या हातात घेतला, पुडी तिच्या तळव्यावर ठेवली आणि एकेक बोट मिटवत मूठ बंद केली.

"मदुराईत नऊ वरसं झाली, तात्या. अंगात जायचं ते गेलंय. दीड एकरात कुणाचं पोट भरतंय?"

मग तो आकारामकडं वळला.

"मी येतो तिकडं. आईला पुडी तरी यील."