तुंबलेली न्हाणी

साधना अंगणात पालथी पडली होती आणि तिचा उजवा हात खांद्यापर्यंत सांडपाण्याच्या चेंबरमध्ये होता. हातावर बांधलेली प्लास्टिकची पिशवी केव्हाच फाटली होती. आता गाळ थेट नखांत शिरत होता. काळा, थंड, भिजल्या साबणासारखा बुळबुळीत. वासाची नाकाला सवय झाली होती. अधूनमधून तो जिभेवर येई, तेवढंच.

"गजानं भोसकू नको, पाईप फुटते," बाजेवरून तिचा बाप डोमा म्हणाला.

"गज कुठी हाय, बाबा? हातच हाय."

सकाळी तिने फोनवर पाहून न्हाणीच्या भोकात खाण्याचा सोडा आणि लिंबाचा रस ओतला होता. फोनमधल्या माणसाचे हात शेवटपर्यंत स्वच्छ राहिले होते. इथे फेस उसळला आणि पाणी उतरायचं सोडून उंबऱ्याशी आलं. ब्रह्मपुरीचा नळवाला होळीपासून 'निघालोच' म्हणत होता.

कुंपणापलीकडून शेजारच्या सोनीबाईने मान वर केली. "मास्तरीनबाई, भद्रावतीच्या शाळेत हेच शिकवता का?"

"या ना तुमीबी शिकायले. आनखी एक हात मावते आत."

सोनीबाई हसली आणि पदर नाकाला लावून तिथेच उभी राहिली.

बापलेकीचं ठरलं होतं ते साधं होतं. न्हाणी वाहती झाली, तर डोमा आपल्या घरात राहणार. नाही झाली, तर उद्याच्या गाडीने साधनासोबत भद्रावतीला. दिवाळीनंतर गिरजी, साधनाची आई, गेली, तेव्हापासून तो बाजेवरून फारसा उठत नव्हता. सकाळचा भात संध्याकाळी तसाच झाकलेला असतो, हे सोनीबाईच फोनवर सांगायची. साधनाला त्याला न्यायचं होतं. एक माणूस गेलं होतं. दुसरं लांबून, थोडं थोडं जाताना ऐकत बसायची तिची तयारी नव्हती. तरीही गाळ तीच उपसत होती, कारण डोमाचा हात थरथर कापायचा आणि खोटं काम तिला जमायचं नाही.

ओंजळ ओंजळ घाण बाहेर पडत होती. शितं, साबणाचे तुकडे, माशांचे खवले, आणि केस. लांब केस, निम्मे काळे, निम्मे पांढरे. ते तिने ढिगावर टाकले नाहीत. बाजूच्या विटेवर ठेवले. डोमाने तोंड फिरवलं.

न्हाणीतलं पाणी मात्र जागचं हललं नाही.

"नाई निघत, बाबा."

"मंग येतो तुह्या संगं," डोमा म्हणाला.

तो कुरकुरेल, एक-दोन शिव्या देईल, असं तिला वाटलं होतं. त्याने फक्त चादर सरळ केली. जे तिला हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते हातात धरवेना. तिने दंड पुन्हा आत घातला. गाल मातीला टेकला. पाईपच्या तोंडात, अगदी आत, बोटांना काहीतरी घट्ट आणि गुळगुळीत लागलं.

ते हललं.

"साप!" ती मागे कोसळली.

"वो माय!" सोनीबाई ओरडली.

डोमा उठला. कशाचाही आधार न घेता उठला आणि चेंबरशी गुडघे टेकून बसला. "साप असा नाई बसत पान्यात," तो पुटपुटला आणि त्याने हात घातला. पाण्याखाली गेल्यावर तो हात कापायचा थांबला, हे साधनाने पाहिलं. काहीतरी चाचपलं, डोकं सापडलं, काट्यांच्या मागे अंगठा बसला. मग त्याने सावकाश ओढलं.

मागूर मासोळी होती. वीतभर लांब, काळीभोर, मिशांना गाळ चिकटलेला. कल्ले उघडत होते, मिटत होते.

त्याच वेळी भिंतीपलीकडे न्हाणीने मोठा आवंढा गिळला आणि तुंबलेलं पाणी धडधडत चेंबरमध्ये आलं. कोणी तिकडे पाहिलं नाही.

"इथी कशी आली हे?" सोनीबाईचा आवाज एकदम खाली आला.

"गिरजी गेल्यापासून ह्या घरात मासोळी नाई आली," डोमा म्हणाला. "तिनंच आनली होती, दिवाळीच्या आधी. राख लावून न्हानीत घासत होती. त्यातली एक निसटली म्हने भोकात." त्याने मागूर उजेडाकडे धरली. "बोटाएवढी होती वं."

साधना तशीच मातीत बसून राहिली. लोक आईला न्यायला तिरडी बांधत होते, तेव्हा ही इथे होती. तेरवीची भांडी घासली, ते राखेचं पाणी हिच्याच अंगावरून गेलं होतं. सगळा हिवाळा, त्या नळकांडीएवढ्या अंधारात, आईच्या हातून निसटलेला एक जीव श्वास घेत होता, वाढत होता, आणि वर घरात कोणाला पत्ता नव्हता.

सोनीबाईने तिच्या घरून पाण्याची बादली आणली. रश्श्याचं नाव काढलं नाही. मागूर बादलीच्या तळाशी गेली, एकदा वर येऊन हवा घेतली, पुन्हा खाली गेली. पाणी काळं झालं.

"बाबा, न्हानी वाहती झाली," साधना म्हणाली. "तुमी राहा इथी."

डोमा बादलीवर वाकला होता.

"काय खाल्लं असन वं हिनं इतके दिवस?"

साधनाने खांद्यापर्यंत काळ्या झालेल्या आपल्या हाताकडे पाहिलं.

"आपल्याच घरचं, बाबा."