गुरुवारची तक्रार

"नाव मी सांगनार नाय, उजागरेसाहेब," सोसायटीचे सेक्रेटरी हिरामण तांडेल म्हणाले. "तक्रार आली, ती पोचवली. गुरुवारचं भजन घरात नको."

सुधीर उजागरेंनी पुन्हा विचारलं नाही. जिना चढता चढताच त्यांनी नाव ठरवून टाकलं. खालच्या मजल्यावरचे विलास जगताप. दुसरं कोण असणार?

नेरुळच्या त्या सोसायटीत ख्रिस्ती घर त्यांचं एकच. दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या मंडळीतली दहा-बारा माणसं जमायची, पेटी-ढोलकीवर भजनं व्हायची, मग प्रार्थना. माणसं गेली की बायको शुभदा कप विसळायची आणि सुधीर ओट्याला टेकून बोलत राहायचे. कुणाची भक्ती वरवरची, कोण नुसता चहासाठी येतो, प्रार्थनेत कुणाचं लक्ष कुठे होतं. माणसाचं मन आपल्याला वाचता येतं, असा त्यांचा समज होता. शुभदा पुढचा कप विसळायला घ्यायची.

तक्रारीचं ऐकून ती एवढंच म्हणाली, "मग चर्चमध्येच जमू देत सगळे."

"जगतापच तो. परवा जिन्यात मान खाली घालून गेला."

"त्यांच्या आईला बरं नसतं. विचारात असतील."

"तुला माणसं कळत नाहीत, शुभदा."

गुरुवार मोकळे झाले आणि संशयाला जागा झाली. रविवारी चर्चमध्ये क्षमेची ओळ आली की सुधीरच्या मिटल्या डोळ्यांपुढे जगतापांचा चेहरा यायचा. ओठ प्रार्थना म्हणत राहायचे. मन हिशेब चुकता करायचे बेत करायचं.

एका सकाळी जगताप स्वतःच वर आले. "सुधीरभाऊ, तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्याकडे गळतंय. जरा प्लंबर बोलवाल का?"

"बघू," सुधीर म्हणाले. दार लावताना मनात आलं, गरज पडली की कसं गोड बोलता येतं.

जगताप पुन्हा आले. पुन्हा "बघू". शुभदाने दोनदा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, "सोसायटीकडे जाऊ दे ना त्याला. तक्रार करायची सवय आहेच." शत्रूवर प्रीती करावी हे त्यांना मान्य होतं. पण त्याचं छत आपण का दुरुस्त करावं? आंघोळीला ते आता नळ मोठा सोडू लागले होते.

आणि जगतापांची आई, केशरबाई, त्या ओल्या फरशीवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

इमारतीला लिफ्ट नव्हती. म्हातारीला खुर्चीत बसवून खाली न्यायचं होतं. जिन्यात सुधीर दिसले तसे जगताप म्हणाले, "जरा हात लावता का?" सुधीरनी खुर्चीची एक बाजू धरली. केशरबाई कण्हत होत्या. वळणावर त्यांनी सुधीरचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "जपून उतर रं लेकरा. पाय घसरंल तुजा."

त्या दिवशी सुधीरना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लंबर आणला, आपल्या बाथरूमची फरशी उखडून घेतली. मग बराच वेळ गुडघे टेकून बसले. उठले तेव्हा मन हलकं झालं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आपण खरी प्रार्थना केली, असं त्यांना वाटलं. ते तडक तांडेलांकडे गेले.

"गळती बंद केली मी. सगळा खर्च माझा. आणि आणखी एक. माझी भजनं जगतापांनी बंद केली, मला ठाऊक आहे. पण मी त्यांना क्षमा केलीय. आता माझ्या मनात काही नाही."



"जगतापानं?" तांडेल म्हणाले. "तक्रार घेऊन शुभदावहिनी आल्या होत्या. बोलल्या, मानसं गेल्यावर हे एकेकाबद्दल जे बोलतात, ते मला आता ऐकवत नाय. त्यापेक्षा कुनी आमच्या घरी येऊच नये."