तुमच्याकडचं

मीटिंग संपली तशी सबनीस सर माझ्याकडे वळले. “आज सगळ्यांनी एशियन जेवायचं. हॉटेल तू निवड. तुमच्याकडचं तुलाच जास्त कळणार.”

मी मिझोरामची. अकरा वर्षं पुण्यात राहते, याच ऑफिसात मराठीत भांडते. रविवारी कामाला बोलवायचं असलं की मी ‘आपल्या टीम’मधली असते. जेवणाचा विषय निघाला की लगेच ‘तुमच्याकडचं’. मागच्या खेपेला सुशी कशी खायची ते मलाच विचारलं. मीही ती पहिल्यांदाच बघत होते.

“चॉपस्टिक्स मिळतील असं बघ हं,” सर म्हणाले. सगळे हसले. मी टेबल बुक केलं आणि पत्ता ग्रुपवर टाकला.

संध्याकाळी सगळे दारातच थबकले. पाटीवर लिहिलं होतं, ‘मालवणी खानावळ’. आतून तळलेल्या बांगड्याचा वास येत होता.

“अगं, एशियन म्हटलं होतं ना मी?”

“मालवण आशियातच येतं, सर.”

सर खुर्चीत बसले आणि सवयीनं चमचा शोधू लागले. मी बेसिनकडे बोट दाखवलं.

“हात धुऊन या. आपल्याकडे हातानं जेवतात.”