चेरीएवढे तारे

“अजून मोठे! अजून!” ऑर्विल कोस्की स्वतःलाच हुकूम सोडत होता. खिडकीवर गोधडी ठोकून त्यानं भर दुपारी तळघरात रात्र केली होती. प्रोजेक्टरनं भिंतीवर आभाळ उमटवलं होतं, पण खऱ्यासारखं. सुईच्या टोकाएवढे तारे. त्याच्या बायकोला, डॅग्नीला, त्यातला एकही दिसला नसता.

तिच्या डोळ्यांचा पडदा झिजत चालला होता. आता नळीतून पाहावं तेवढंच दिसायचं, तेही लख्ख उजेडातलं. हिवाळ्यापर्यंत तेवढंही राहील याची खात्री नाही, असं डॉक्टर सोमवारी म्हणाले होते. “जाऊ दे,” ती गाडीत म्हणाली होती. “तरुणपणी भरपूर तारे बघून घेतलेत मी.”

ऑर्विलनं संगणकावर ताऱ्यांचं लुकलुकणं बंद केलं. बारीकसारीक तारे काढून टाकले. उरलेले फुगवत फुगवत चेरीएवढे केले आणि सप्तर्षींची पळीसारखी अख्खी आकृती तिच्या नजरेत मावेल एवढी आवळली. चाळीस वर्षं सुपीरियर सरोवरावर जहाजं हाकलेल्या माणसाचे हात आता माऊस हाकत होते.

“डॅग्नी! खाली ये! लवकर!”

“ओरडतोस काय, म्हाताऱ्या? घर पेटलं का?” कठडा धरत ती उतरली. त्यानं तिला खुर्चीत बसवलं, तिचं तोंड भिंतीकडे वळवलं आणि दिवा घालवला.

मग तिचं बोट वर गेलं.

“एक. दोन. अरे, हा तिसरा! चार... थांब, हलवू नकोस... पाच, सहा, सात! ऑर्विल, सात आहेत! पळीच आहे की ही! आणि हा तांबूस? ताऱ्यांना रंग असतात?”

“असतात ना!” तोही लहान मुलासारखा ओरडला. “थांब, अजून दाखवतो!”

“अगबाई, म्हणजे सगळे म्हणायचे ते हे—” ती थबकली. हसू मावळलं.

“मी कधीच पाहिले नव्हते रे,” ती हळूच म्हणाली. “लहानपणापासून रातांधळी मी. त्या रात्री सरोवराकाठी पार्क पॉइंटच्या वाळूत तू वर बोट दाखवलंस, म्हणालास, तो तारा बघ. मी म्हटलं, किती तेजस्वी! आणि मग तू लग्नाचं विचारलंस. खरं सांगितलं असतं तर विचारलं नसतंस, या भीतीनं आजवर गप्प राहिले.”

“मला तेव्हाच कळलं होतं.”

“कसं?”

“तू अंधारात माझी बाही सोडत नव्हतीस, म्हणून मुद्दाम बोट दाखवलं,” ऑर्विल म्हणाला. “त्या रात्री आभाळ ढगांनी गच्च भरलेलं होतं, डॅग्नी. तारा एकही नव्हता.”