तस्नीम मॅडमचे प्रश्न

‘हे असं का केलंत? कारण लिहा. – तस्नीम’

अमरदीपनं लॅपटॉप खाडकन मिटला. सकाळपासूनचा हा तिसरा प्रश्न होता.

रत्नागिरीच्या बागायतदारांचा आंबा विकणारी वेबसाइट त्यानं बारा वर्षांपूर्वी कोडइग्नायटर या तेव्हाच्या प्रोग्रॅमिंगच्या चौकटीत एकट्यानं बांधली होती. यंदा ती पुण्याच्या एका कंपनीनं घेतली. सहा महिन्यांत सगळं लॅरावेल या नव्या चौकटीत न्यायचं. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. काम तपासायला तिथल्या तस्नीम मॅडम होत्या. त्यांना त्यानं कधी पाहिलंही नव्हतं.

जुन्यात कुठली ओळ कुठे आहे ते त्याला डोळे मिटून सांगता यायचं. नव्यात एका साध्या फॉर्मसाठी सहा फायली उघडाव्या लागत.

“सेहेचाळिसाव्या वर्षी हे डोक्यात शिरायचं नाही. राजीनामा देतो,” तो म्हणाला.

“त्या बाईंनी कारण विचारलंय, राजीनामा नाही,” त्याची बायको रसिका भाकरी थापता थापता म्हणाली. “सांगा की.”

कारण त्यालाच ठाऊक नव्हतं. ऑर्डरचा कोड त्यानं कुठल्याशा व्हिडिओतून जसाच्या तसा उचलला होता. दोन दिवस तो त्यातच अडकून राहिला. मग उलगडलं: या कोडमुळे शेवटची पेटी दोघांनी एकदम मागवली, तरी ती एकालाच विकली जाणार. जुन्या वेबसाइटवर ती दोघांनाही विकली जायची, आणि दर मे महिन्यात अशा दुसऱ्या गिऱ्हाइकाची माफी मागायला तोच फोन करायचा.

त्यानं पानभर उत्तर लिहिलं. पलीकडून आलं, ‘ठीक.’ खाली पुढचा प्रश्न.

असे दोनशे प्रश्न झाले. शेवटी शेवटी तर प्रश्न यायच्या आधीच तो कारण लिहून ठेवू लागला.

फेब्रुवारीत नवी वेबसाइट सुरू झाली. पहिल्याच दिवशी नव्वद ऑर्डरी आल्या, एकही चुकली नाही. त्याच्या नेमणुकीचं पत्र घेऊन मॅडम स्वतः रत्नागिरीला आल्या. त्या जेमतेम तिशीच्या होत्या.

“तुमच्या धाकानं शिकलो, मॅडम,” चहा पुढे करत अमरदीप म्हणाला.

तस्नीमनं पर्समधून एक जाडजूड वही काढली. पानापानावर त्याचीच उत्तरं होती, तारखेसकट हातानं उतरवलेली.

“धाक कसला, सर? तपासायला बसवलं खरं, पण मलाही जुनंच तेवढं येत होतं. मला खरंच कळत नव्हतं, म्हणून विचारत होते.”